ताफ्याचा सुरक्षाप्रमुख

३ जून, सोमवार

माणसांची किळस आली आहे. आज जरा जास्तच.

मेहुण्याचं अकाउंट गेलं. जहाजांच्या खेळातलं. चार वर्षं खपून उभी केलेली जहाजं एका दुपारीत साफ. कुरिअर कंपनीतल्या त्याच्या मित्राकडून मेसेज आला, आमच्या संघाला मत दे, एकच मत कमी पडतंय. खाली लिंक. लिंकवर आमच्या खेळासारखंच दिसणारं पान. त्या पानावर या गृहस्थाने स्वतःच्या हाताने स्वतःचा पासवर्ड लिहिला. मित्राचं अकाउंट आधीच चोरलेलं होतं, मेसेज चोराचा होता. बायकोचा सख्खा भाऊ आहे म्हणून जास्त लिहीत नाही. मूर्ख आहे.

मग चोराने मेहुण्याच्या नावाने तोच मेसेज आमच्या ताफ्यातल्या, म्हणजे खेळातल्या आमच्या गटातल्या सगळ्यांना धाडला. मला ऑफिसात आला. मी क्षणात ओळखला. लिंकवर बोट टेकलं होतं हे खरं, पण तेवढ्यात साहेब टेबलापाशी आले आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकावा लागला. साहेब आले नसते तरी मी ओळखलाच असता.

४ जून

ताफ्याच्या प्रमुख गणिताच्या बाई आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. समोरच्याचं जहाज बुडवताना त्यांना दयामाया नसते. त्यांनी आज फर्मान काढलं की पासवर्ड बदला आणि प्रत्येकाने दुहेरी कुलूप लावा. म्हणजे पासवर्ड टाकला की आपल्या फोनवर एक कोड येतो, तो दिल्याशिवाय आत जाता येत नाही. सोय चांगली आहे. ज्यांना अक्कल नाही त्यांच्यासाठी.

तरी लावायला बसलो. माझ्या अकाउंटला जुना फोन नंबर निघाला. तो बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर कोड जाणार. तो नंबर आता भलत्याच कुणाकडे आहे. फोन लावला. एका बाईने उचलला. मी तिला सगळं नीट समजावलं, तुम्हाला एक कोड येईल तो फक्त मला सांगा म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मला लाज वाटायला पाहिजे असं म्हणाली आणि फोन ठेवला. सभ्य माणूस आवाजावरूनही ओळखता येऊ नये?

कुलूप रविवारी.

पासवर्ड मात्र बदलला. नवा लक्षात राहीना म्हणून संध्याकाळी पुन्हा जुनाच ठेवला. पहिल्या जहाजाचं नाव आणि माझं जन्मसाल. इतका सोपा की हाच असेल असं कुणाच्या डोक्यात येणार नाही.

६ जून

ऑफिस. रंगाच्या कंपनीत तक्रार विभागात बसणं म्हणजे दिवसभर बुरशीचे फोटो बघणं. पोपडे, फुगे, काळे डाग. आज एकाने मोरीच्या भिंतीचा व्हिडिओ पाठवला, त्यात मागे कोणीतरी चूळ भरत होतं. डबा तसाच घरी आणला. भिंतीला मुळात ओल आहे हे यातला एकही माणूस मान्य करत नाही. रंगच वाईट. स्वतःकडे बघायची सवयच नाही लोकांना.

चहाच्या मशीनजवळ उभं राहून एक निर्णय घेतला. ताफ्याला सुरक्षाप्रमुख हवा. मीच होतो. बाईंना कळवलं. त्यांनी फक्त 'बरं' असं लिहिलं आणि मी कुलूप लावलं का ते विचारलं. होतंच आलंय म्हणून कळवलं.

९ जून, रविवार

ताफ्याची सभा घेतली, सगळे आपापल्या घरी हेडफोन लावून. मी चाळीसेक मिनिटं बोललो. मधे कोणीतरी भांडी घासत होतं.

माझा नियम साधा आहे. मेसेजात घाई असेल, स्तुती असेल किंवा लिंक असेल तर तो चोराचा. मग तो सख्ख्या भावाच्या नावाने का येईना. आधी खात्री करायची, मग उत्तर.

दंतवैद्य म्हणाला, हे आत्ता तूच बोलतोयस कशावरून? सगळे हसले. दंतवैद्य माझा शाळेपासूनचा मित्र. हल्ली भेट होत नाही, खेळातच काय ते बोलणं. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून त्याच्या विनोदालाही वास यायला लागला आहे. पण मुद्दा बरोबर होता, म्हणून मी लगेच एक परवलीचा शब्द ठरवून दिला. ओळख पटवायला तोच विचारायचा.

सभा लांबली. कुलूप राहिलं.

१० जून

परवलीचा शब्द आठवत नाही. कुणाला विचारावं तर जो विचारेल त्याला चोर समजा असं मीच सांगून ठेवलं आहे.

१२ जून, बुधवार

पकडला.

दुपारी दंतवैद्याच्या नावाने मेसेज. 'अरे, शुक्रवारी मोकळा आहेस का? जरा घाईचं काम आहे. तुझ्याशिवाय कुणाला सांगावंसं वाटत नाही.' पहिल्या वाक्यानंतर घाई, दुसऱ्यानंतर स्तुती. लिंक तेवढी यायची होती. ती पुढच्या मेसेजात येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मी त्याला विचारलं, शाळेत मला काय म्हणायचे? खरा दंतवैद्य असता तर 'वाघ' म्हणाला असता. हा म्हणाला 'बोंबल्या'. शिसारी आली. मग मी त्याला जे लिहिलं ते इथे पुन्हा लिहीत नाही, पण दुसऱ्याच्या नावावर जगणारा बांडगूळ हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. त्याने लगेच फोन केला. मी कट केला. पुन्हा केला. पुन्हा कट. आजकाल हे लोक नंबरही चोरतात म्हणे.

त्याला ब्लॉक केलं. खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली, त्यांनी तासाभरात ते अकाउंट बंद केलं. सगळी बोलणी ताफ्याच्या गटात नमुना म्हणून टाकली. असं ओळखायचं असतं, असं वर लिहिलं. कुणी काही बोललं नाही. भारावले असतील.

१३ जून

तो दंतवैद्यच होता.

मेहुण्याने बायकोला फोन करून सांगितलं, बायकोने मला. दंतवैद्याच्या छातीत गेले काही दिवस दुखतंय. उद्या अँजिओग्राफी. त्याची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी, तिला घाबरवायचं नाही म्हणून कळवलेलं नाही. सोबत कोणीतरी यावं आणि सही करावी एवढंच त्याचं काम होतं. आता मेहुणा जातोय.

मी बायकोला सगळा क्रम समजावून सांगितला. घाई, स्तुती, चुकीचं टोपणनाव. तिने कपड्यांच्या घड्या घालणं थांबवलं नाही. म्हणाली, "तुला शाळेत बोंबल्याच म्हणायचे. तुझ्या आईनेच सांगितलंय मला."

वाघ कुणीतरी म्हणायचं. कोण ते आठवेल.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "त्याने दोनदा फोन केला ना? उचलला असतास तर आवाज तरी ओळखला असतास."

हे नंतर सुचायला सोपं असतं. पद्धत म्हणून पद्धत असते. आणि इतकं महत्त्वाचं होतं तर दंतवैद्याने सरळ घरी यायचं होतं.

१४ जून

ऑफिसातून निघून हॉस्पिटलात जाणार होतो. एका गिऱ्हाइकाच्या छतावर फुगे आले. साहेबांनी थांबवलं नाही, पण थांबवलं असतं असं वाटलं.

एका नळीत अडथळा निघाला. तिथल्या तिथे स्टेंट बसवला. पाच-सहा दिवस ठेवून घेतील. मेहुण्याने रात्रपाळी बदलून घेतली म्हणे. करू दे, तेवढंच त्याच्या हातून काहीतरी नीट.

१५ जून

दंतवैद्याला मेसेज लिहायला बसलो. ब्लॉक काढलं. त्याचं अकाउंट बाईंनी कंपनीशी भांडून उघडून घेतलं आहे.

पहिला मसुदा: 'तुझा मेसेज संशयास्पद होता हे तूही मान्य करशील.' खोडला.

दुसरा: 'झालं ते दोघांच्याही गैरसमजातून.' बरा होता, पण कोरडा वाटला.

तिसऱ्यात माफ कर असा शब्द येत होता. तो लिहिला की सगळी चूक माझीच होती असं होतं. त्यापेक्षा प्रत्यक्ष भेटावं. आज नको, शनिवारी भेटायला येणाऱ्यांची गर्दी असते. हॉस्पिटलच्या जिन्यात तो फिनेलचा वास, लोकांचे ओले मोजे, उघडे डबे. उद्या.

१६ जून, रविवार

उद्या नक्की. आज कुलूप लावायचं होतं. जुन्या नंबरवाल्या बाईने मला ब्लॉक केलं आहे.

१७ जून, सोमवार, दुपारी

शेवटी कुणाला तरी किंमत कळली.

गणिताच्या बाईंचा मेसेज. 'आपल्या ताफ्यात तुमच्याइतकं सावध कोणी नाही. कंपनी प्रत्येक ताफ्यातून एक अधिकृत सुरक्षादूत निवडते आहे. मी तुमचं नाव दिलं आहे. आजच नोंदणी करावी.' खाली लिंक.

स्तुती आहे हे माझ्या लक्षात आलं. मी आंधळा नाही. पण नियम खोट्या स्तुतीसाठी आहे, आणि यात खोटं काय होतं? घाई म्हणाल तर निवड म्हटली की मुदत आलीच. बाईंच्या नावात एक अक्षर जास्त दिसलं. वय झालंय, होतं असं. फोन करून खात्री करणार होतो, पण त्या दुपारी झोपतात. चांगलं काम करणाऱ्या माणसाची झोपमोड करणं मला जमत नाही.

नोंदणी केली. पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर आला.

१७ जून, संध्याकाळी

आत जाता येत नाही. दूताचं वेगळं दार असेल.

१८ जून

वेगळं दार नाही.

बाईंचा फोन आला. त्यांनी मला काहीही पाठवलेलं नव्हतं. त्यांचा फोटो आणि त्यांच्यासारखं नाव लावून कोणीतरी पाठवलं होतं. माझी सगळी जहाजं विकली गेली. सहा वर्षांची. पहिलंसुद्धा, जे मी कधी लढाईत उतरवत नव्हतो, नुसता बंदरात उभं करून बघायचो. सकाळी ब्रश करताना बघायचो.

माझ्या नावाने चोराने ताफ्यातल्या सगळ्यांना मेसेज धाडले. मी बाईंना विचारलं, कितीजण फसले? त्या म्हणाल्या जवळपास कुणीच नाही. निदान माझ्या सभेचा उपयोग झाला, मी म्हणालो. त्या म्हणाल्या की सभेचं माहीत नाही, पण मेसेज दोन ओळींचा होता आणि त्यात 'कृपया' होतं. तुमचा नाही हे पोरासोरांनाही कळलं.

जवळपास कुणीच नाही म्हणजे कोण फसलं, ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनीच सांगितलं. दंतवैद्य.

इतकं सगळं समोर घडून पुन्हा लिंक उघडली. माणसाने शिकायचं म्हणून किती शिकू नये. उद्या जाऊन त्याला स्पष्ट बोलणार आहे.

१९ जून

गेलो. ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून.

दंतवैद्य खाटेवर उशीला टेकून बसला होता. बारीक दिसत होता. दाढी वाढलेली, त्यात पांढरं किती आहे ते मला माहीतच नव्हतं. शेजारी स्टुलावर मेहुणा बसल्या बसल्या झोपलेला, तोंड उघडं. दंतवैद्य हळूच म्हणाला, याची एक दाढ किडली आहे, कालपासून बघतोय.

मी येताना जे बोलायचं ठरवलं होतं ते सुरू केलं. शाळेपासून ओळखतोस मला, तुला कळायला नको होतं का, वगैरे. त्याने वाद घातला नाही. फोन उघडून माझ्या हातात दिला.

माझ्या नावाचा मेसेज होता. इतरांना गेला तो नव्हता. चोराने आमची आणि ताफ्याच्या गटातली आधीची बोलणी वाचून मग लिहिला असणार, तेवढे कष्ट त्याने घेतले होते. 'कसा आहेस? त्या दिवशी फार वाईट बोललो तुला. तू एकटा होतास हे मला कळायला हवं होतं. माझं चुकलं. बरा झालास की परत एकत्र खेळू.' आणि खाली, एकत्र खेळू म्हणून, लिंक.

दंतवैद्य म्हणाला, "बाकीच्यांना कळलं तू नाहीस ते. मलाही कळलं असतं. पण पाच दिवस वाट बघत होतो रे."

त्याचीही जहाजं गेली.

मी मेसेज पुन्हा वाचला. कुठे चूक सापडते का ते बघितलं. शुद्धलेखनसुद्धा ठीक होतं. माझ्या तीन मसुद्यांपेक्षा सरस होता हे मान्य करावं लागेल.

फोन परत देताना मी त्याला म्हणालो, लिंक सोडून बाकीचं मीच लिहिलंय असं समज.

तो म्हणाला, तसंच तर समजलो होतो.