मला शुगर निघू दे

६ ऑक्टोबर, सोमवार
गुडघ्याचं ऑपरेशन नाही म्हणाला डॉक्टर! आधी पंधरा किलो उतरवा, मग या. जशी काही डोक्यावरची टोपली उतरवायची आहे. म्हटलं, चालायला गेले की गुडघा सुजतो, आणि चालल्याशिवाय वजन उतरत नाही. मग म्हणतो, आठवड्याला एक इंजेक्शन असतं, भूक कमी होते. लिहून द्या म्हटलं. "मॅडम, वजनासाठी ते तुमच्या सरकारी योजनेत बसत नाही. बाहेरून घ्यावं लागेल." बाहेरची किंमत ऐकून भूक तिथेच मेली.

पण पुढच्या दसऱ्याला मी उभी राहणार म्हणजे राहणार. लग्न झाल्यापासून दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आमच्या वस्तीचा भोजनदानाचा स्टॉल लागतो आणि भाजी वाढायला मी असते. यंदा स्टॉल सांभाळणाऱ्या सिंधूताईंनी सगळ्यांदेखत खुर्ची पुढे केली. "बस वं दीप्ती. तू चपलांवर ध्यान ठेव." चपला! मला!

९ ऑक्टोबर
ऑफिसातली अश्लेषा म्हणाली, तेच इंजेक्शन तिच्या सासऱ्यांना योजनेतून मिळतं. कारण त्यांना शुगर आहे! म्हणजे शुगर असली तर आजार, नुसतं वजन असलं तर लाड. बरं. मग शुगर हवी. दवाखान्यातल्या बाईंना गोड बोलून विचारलं. म्हणाल्या, तीन महिन्यांची सरासरी पाहतात, एका दिवशी लाडू खाऊन काही होत नाही.
तीन महिने तर तीन महिने. खाऊ.

१२ ऑक्टोबर, रविवार
मोहीम सुरू. यांना सांगावंच लागलं. हे म्हणजे आमचे धम्मानंदराव. बुटीबोरीच्या कारखान्यातून रिटायर झाले, पोट वाढवलं, आणि आता योजनेच्या माझ्याच कार्डावर आहेत. आधी कपाळाला हात लावला. "बिमारी मागून राहिली तू?" मग संत्रा बर्फीचा डबा दिसला. "एकटीनं खाशीन तर लोकं काय म्हणतीन! मी साथ देतो."
वैताग हा की मला गोड आवडतच नाही. मी तर्रीवाली बाई. हे वजन तिखटावर कमावलेलं आहे. दोन तुकड्यांत तोंड विटलं. उरलेला डबा यांनी संपवला.

२४ ऑक्टोबर
ऑफिसात कोणी न खाल्लेली दिवाळीची मिठाई मी घरी आणली. अश्लेषा म्हणाली, "मॅडम, डाएटचं काय?" म्हटलं, तेच चालू आहे.

१६ नोव्हेंबर
रबडी. नको वाटतं सगळं.

७ डिसेंबर, रविवार
सिंधूताई न सांगता आल्या. आम्ही दोघं जिलबीसमोर. "डॉक्टरनं तुले काय सांगतलं अन् तू काय करून राहिली?" सांगून टाकलं खरं काय ते. बाई हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "शुगर म्हणजे खेळ नाही वं. माह्या भावाचा पाय गेला त्यात."
मला राग आला. त्या खरं बोलत होत्या म्हणूनच आला. त्या गेल्यावर माझी जिलबी यांच्या ताटात सरकवली.

१२ जानेवारी, सोमवार
रक्त देऊन आले. हे सोबत होते. तिथली मुलगी म्हणाली, काकांचंही नाव कार्डावर आहे, त्यांचीही तपासणी करून टाकू का? "घे पोरी. मले काय होते! साठी आली, एक गोळी नाही पोटात." आणि बाही वर करून ऐटीत बसले.

१४ जानेवारी
माझी शुगर नॉर्मल! एकदम नॉर्मल! एवढे हाल करून! डॉक्टर म्हणतात, अभिनंदन. मला रडूच कोसळलं.
मग त्यांनी दुसरा कागद उचलला. यांची तीन महिन्यांची सरासरी साडेदहा. सहाच्या आत हवी. "काका, ही आजची नाही. दोनेक वर्षं तरी असेल. उन्हाळ्यात तहान फार लागायची का?"
"नागपुरात उन्हाळ्यात कोणाले लागत नाही जी?"
डॉक्टर हसले नाहीत. बरं झालं वेळेत कळलं, म्हणाले. वजन आहे, शुगर आहे. तेच इंजेक्शन लिहिलं. योजनेत बसतं!
स्कूटरवरून घरी आलो. आता तिळगूळ द्यायला शेजारीण आली तर दार लावून घेतलं. तीन महिने माझं उष्टं गोड त्यांनी खाल्लं. भीती वाटते. फार भीती वाटते.

१८ जानेवारी, रविवार
इंजेक्शन आलं. फ्रिजमध्ये ठेवलं. हे म्हणतात, "तूच घेऊन टाक. तुले पाहिजे होतं नं. मी कारलं खाईन. कोणाले समजते?"
आमच्याकडे असंच चालतं. यांची पित्ताची गोळी मी घेते, माझं मलम हे लावतात, एका चष्म्यावर दोघं पेपर वाचतो. खोटं कशाला लिहू, मोह झाला. भाजीचं पातेलं, पुढे लागलेली रांग, सिंधूताईंचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढे आलं. फ्रिज उघडला. बंद केला. परत उघडला.

१९ जानेवारी
पहिलं इंजेक्शन दिलं. यांना. पोटात, माझ्याच हातानं. डोळे मीच मिटले होते.
"दुखलं काय?"
"तुया गुडघ्याएवढं नाही."