डावीकडचा जोड

३ फेब्रुवारी, मंगळवार

"तू नुसती बसून राहा, बाकी मी बघतो." — दादा म्हणाला होता. मी तेव्हा सहावीत, त्याच्या सायकलच्या दांड्यावर बसलेली, आणि उतारावर ब्रेक तुटलेला. त्यानं चपलेनं चाक दाबून सायकल थांबवली. चपलेचा तळ गेला, मला ओरखडासुद्धा नाही. बाबा गेल्यावरही तेच. माझी फी, माझं लग्न, या घराचं गळणारं छप्पर — सगळं त्यानं बघितलं आणि मी बसून राहिले.

आज ते आठवलं, कारण गाडी आली! निळी. दादानं स्वतः चालवत आणून दारात लावली. त्याच्या गॅरेजात कितीतरी महिने उघडी पडलेली होती ती, मी येता-जाता बघायची, पण ती आमच्यासाठी चाललीय हे त्यानं कळू दिलं नव्हतं. "अपघातातली आहे, थोडं लागलं होतं. सरळ केली." एवढंच म्हणाला. पैसे फक्त सुट्या भागांचे घेतले. मजुरीचं विचारलं तर डोळे वटारले. "भाचीकडून मजुरी? लाज काढू नकोस."

ठकीनं मामाच्या गळ्यात उडीच मारली. आमची ठकी गुरांची डॉक्टर झाली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तेवीस तारखेला हजर व्हायचंय, घाटापलीकडच्या दवाखान्यात. गोठेगोठे हिंडायचं, बस मिळेलच असं नाही. गाडी हवीच होती.

ह्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घातली. "कागद कुठायत?"

"येतील हो, जावईबापू. कागद चालवणार की गाडी?"

हे हसले नाहीत. मी हसले.

५ फेब्रुवारी

ठकी एकटी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली. "आई, काय पळते! फक्त वेग घेतला की डावीकडच्या दारातून शिट्टी वाजते." हे म्हणाले, "मामाचीच गाडी, शिट्टी तर वाजवणारच." दादाला शिट्टीवर गाणी म्हणायची सवय आहे. सगळे हसलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

लिहावंसं वाटत नाहीये. पण दुसरं कुणाला सांगू?

गाडीचा जुना विमा संपलेला होता, नवा काढायचा तर त्यांचा माणूस आधी गाडी बघून जातो. तो आज आला. सडपातळ, अदबीचा, खिशात छोटी बॅटरी. घरात मी एकटीच. त्यानं बॉनेट उघडून आत कोरलेला गाडीचा नंबर वाचला, ऑफिसला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "ताई, ही विकत घेतली की कुणी दिली?"

"दोन्ही."

"ही टोटल लॉस झालेली गाडी आहे."

मला वाटलं, काहीतरी घोटाळा असेल. त्यानं नीट समजावून सांगितलं. इतकी चेपली होती की विमा कंपनीनं मालकाला पूर्ण भरपाई देऊन टाकली आणि गाडी भंगारात काढली. तिचा मागचा भाग या गाडीचा नाहीच. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा अर्धा आणून जोडलाय. "तसं करतात, ताई. नीट केलं तर चालतंही." मग त्यानं दाराची रबरी पट्टी सोलून काढली, दाराशेजारच्या खांबावरचा रंग नखानं खरवडला, बॅटरी मारली. आधी उजवीकडे. तिथं वेल्डिंगचे टिपके माशाच्या खवल्यांसारखे, एकाला एक चिकटून, सगळे सारखे. "उस्तादाचं काम." मग डावीकडे. तिथं गोळे, मधे फटी, फटींत पुट्टी भरलेली.

"इथं कुणा शिकाऊला बसवलेलं दिसतंय. बाजूनं धडक बसली तर हा खांब उभा राहायचा नाही. हा जोड परत करून घ्या, मग बोलवा मला."

तो गेला. मी रबरी पट्टी परत बसवायला गेले तर बसेना.

दादाच्या गॅरेजात शिकाऊ नाही. कधीच नव्हता. दुसऱ्याच्या हातात तो वेल्डिंगची नळी देतच नाही.

ह्यांना अर्धंच सांगितलं — टोटल लॉस. ते उभेच राहिले. "भंगार! पोरीला भंगारात बसवणार? आणि तुझ्या दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" डावीकडचं नाही सांगितलं. का, ते मलाही माहीत नाही.

१० फेब्रुवारी

लॅबमधली ड्यूटी संपल्यावर थेट गॅरेज. दादा पाना पुसत होता.

"विम्याचा माणूस बॅटरी मारून बघून गेला. टोटल लॉस होती?"

"हो. मग?"

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?" माझ्याकडे बघून हसला. "अगं, दुरुस्ती परवडत नाही तेव्हा विमेवाले गाडी मेली म्हणतात. ते डॉक्टर नाहीत, हिशेबनीस आहेत. त्यांना परवडत नाही, मला परवडते. अशा किती उठवल्यात मी!"

हे सगळं पटण्यासारखं होतं. मी पटवूनही घेतलं असतं.

"डावीकडचा जोड कुणी केला, दादा?"

पाना पुसतच राहिला. पुसून झालेलाच होता.

"मीच. इथं दुसरं कोण येतंय? उजवी बाजू मागच्या वर्षीच केली होती, डावी आता." मग, "का? काय म्हणाला तो?"

"शिकाऊ म्हणाला."

बोलायला नको होतं! दादा मोठ्यानं हसला. "आयुष्य गेलं आणि आता शिकाऊ! चला, तरुण झालो." पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "उद्या आणून सोड. परत करतो. आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिलास तर बघ."

१२ फेब्रुवारी

गाडी दादाकडे. घरात भांडण. हे म्हणतात, दुसऱ्या कारागिराकडून जोड करून घे, नाहीतर गाडी परत दे. ठकी म्हणते, "मामावर संशय घेतेस? मामावर? आई, तूच मला घाबरवतेस, गाडी नाही." आणि खोलीचं दार आपटलं.

मी कुणावर संशय घेतेय? दुसऱ्याला काम देणं म्हणजे चारचौघांत दादाच्या थोबाडीत मारणं. न देणं म्हणजे... घाट डोळ्यांसमोर येतो. वळणावर समोरून ट्रक येतो. ठकी डावीकडे घेते.

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधत होते आणि मनात खवले मोजत होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बघितलं.

न सांगता गेले होते. गॅरेजचं दार अर्धं उघडं. दादा डाव्या खांबापाशी गुडघ्यावर, तोंडावर मुखवटा, हातात वेल्डिंगची नळी. आणि नळीचं टोक पत्र्यावर टकटकत होतं, कुणी दार वाजवावं तसं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. ठिणगी उडाली, गोळा पडला. मुखवटा वर केला, घाम पुसला, परत धरलं. परत गोळा.

मी रोज रक्त घेते. हात बघणं हेच माझं काम. भीतीनं थरथरणारे, उपाशी, थंडीनं गारठलेले, दारू सुटलेले — सगळे ओळखते. हा त्यातला नव्हता.

पाठीमागून वहिनीनं दंड धरला. ओठांवर बोट. स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं.

"वर्ष होत आलं. मला चमच्यावरून कळलं. ताटापर्यंत ठीक, तोंडाकडे नेताना सांडायचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातलीय त्यानं. तुला तर मुळीच सांगायचं नाही म्हणाला."

"डॉक्टर?"

"म्हणतो, डॉक्टर नळी खाली ठेवायला लावतील. मग मी कोण, विचारतो." वहिनी ओट्यावरची कोरडी जागाच पुसत राहिली. "मी काय उत्तर देऊ, वन्सं? तूच सांग."

दादाला न भेटताच निघून आले. तो लबाड आहे की काय, या भीतीनं आठवडाभर पोखरलं होतं मला. तो लबाड असता तर सोपं होतं!

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दादाचा फोन. "झालं. घेऊन जा. आता तुझ्या त्या बॅटरीवाल्याला भिंग घेऊन यायला सांग."

ठकीला घेऊन गेले. गाडी धुऊन पुसून उभी. डावीकडे ताजा रंग, वासही गेला नव्हता. मी दार उघडलं, रबरी पट्टी ओढली आणि किल्लीनं रंग खरवडला. दादाचं काम तपासून घ्यायची माझी ही पहिलीच वेळ. तो जोडाकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

गोळे. फटी. पुट्टी.

"ठकी ही गाडी नेणार नाही," मी म्हणाले.

"आई!"

"का?" दादानं विचारलं. अगदी हळू.

सांगता आलं असतं — हे ऐकत नाहीत, विमा मिळत नाही, काहीही. तोंडून निघालं, "तुझा हात थरथरतो, दादा."

ठकी मामाकडे बघायला लागली. वहिनी दारात येऊन उभी होती, ती खाली बघायला लागली.

"कोण म्हणतं?"

"मी रोज हातच बघते."

"बाहेर हो."

"दादा —"

"हो बाहेर! मोठी आलीय सुया टोचणारी."

उभ्या जन्मात तो माझ्याशी असं बोलला नव्हता. बसमध्ये ठकी खिडकीकडे तोंड करून रडत होती. माझा हात तिनं धरून ठेवला होता, एवढंच बरं.

१६ फेब्रुवारी

त्याचा फोन नाही. माझाही नाही. ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील — बघ, मी म्हणत होतो! त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वहिनीचा फोन आला. "लवकर ये. त्यानं गाडी कापली."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. खरंच कापली होती! ग्राइंडरनं, छतापासून खालपर्यंत, बरोबर जिथं जोडली होती तिथं. दोन निळे अर्धे तुकडे, मधून पलीकडची भिंत दिसत होती. दादा पायरीवर बसलेला, भुवयांवर पत्र्याचा चुरा.

"ये," म्हणाला. जसं काही झालंच नाही. "बस. उजवी बाजू कापायला सगळी सकाळ गेली. आणि डावी —" उठून डाव्या खांबाचा तुकडा आणला, माझ्या मांडीवर ठेवला. "ही हातानं ओढली तर आली. हातानं!"

मी तो तुकडा मांडीवर उलटा करून बघितला.

"तुला फसवायचं नव्हतं गं. आपल्याकडे जोड दिसता कामा नये, हीच तर कारागिरी. गोळे पडले की घासायचे, पुट्टी भरायची, रंग द्यायचा. रंग दिला की मलाही दिसेना. मग मला वाटायचं, चांगलाच झालाय." हात गुडघ्यावर ठेवला होता. पहिल्यांदाच त्यानं तो लपवला नाही. उजव्या हाताचा अंगठा आपला आपणच हलत होता, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. "ठकी रोज बसली असती यात."

"डॉक्टरकडे येशील?"

"येईन."

इतकं सोपं? मी परत विचारलं. "येईन म्हटलं ना! आता काय लिहून देऊ?" मग मात्र मला रडू आवरेना. तो म्हणाला, "पुरे. पत्रा गंजेल."

संध्याकाळी ठकीनं जाऊन मामाच्या भुवया पुसल्या म्हणे. पहिले काही महिने ती दवाखान्याच्या कंपाउंडरच्या मोटरसायकलवर मागे बसून गोठे फिरणार. हे म्हणाले, "दादांना सांग, डॉक्टरकडे मीही येतो. रांगेत उभं राहायला माणूस लागतोच."

किती दिवसांनी भूक लागली!

१९ फेब्रुवारी

सकाळी एका बाईच्या दंडाला पट्टा बांधला आणि माझाच हात थांबला. वर्ष होत आलं, असं वहिनी म्हणाली होती. त्या वर्षात गॅरेज एक दिवस बंद नव्हतं. ती पिवळी शाळेची व्हॅन मी स्वतः तिथं वेल्डिंगला उभी असलेली पाहिलीय. वळणावरच्या टॅक्सीवाल्याची गाडी. नुकतं बाळ झालेल्या त्या मास्तरांची. सगळ्यांवर छान रंग. दादानं कापली ती आमची एकटीची.

संध्याकाळी जाणार आहे. डॉक्टरला हो म्हणाला, याला नाही म्हणेल. त्याचं नाव जाईल, आणि नावाशिवाय आता त्याच्याकडे उरलंय काय? मला परत बाहेर काढेल. तरी दारातूनच, चपला न काढता, विचारेन — दादा, चल ना माझ्याबरोबर, आधी शाळेत जाऊन सांगू या?