साडेसहा इंचांची पायरी

ता. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलू देत नाहीस. मुलगा-सून बदली होऊन तुझ्या गावी आले, याचा आनंदच आहे. पण माझी नात बटण तुझ्या बालवाडीत जाते आणि त्या बालवाडीला भिंती नाहीत, छप्पर नाही, आहे ते नुसतं जंगल, हे काल सूनबाईकडून कळलं आणि लगेच कागद पुढे ओढला.

ताई, नात माझी साडेचार वर्षांची. डावा पाय आखूड, त्या बुटाला इंचभर जाड तळ. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांत लाकडी जिने बसवले. पहिली पायरी साडेसहा इंच, तर शेवटचीही साडेसहा. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी धडधाकट माणूस तोंडावर आपटतो. तुझ्याकडे तर एक मूळ दुसऱ्यासारखं नाही! मुलाला सांगितलंय, महिनाभर बघू. नाही जमलं तर बटणाला माझ्याकडे ठेव. इथे घराशेजारी चांगली सपाट शाळा आहे. तिथे नावही घालून ठेवलं आहे.

रागावू नकोस. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. ९ सप्टेंबर

चि. खिळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी खिशात खिळे घेऊन हिंडायचास म्हणून हे नाव पडलं. सत्तरीला टेकलास तरी टोचायची सवय काही गेली नाही!

काल तुझी नात तासभर एका डबक्यापाशी पालथी पडली होती. पान तरंगतं, खडा बुडतो, पण सालीच्या तुकड्यावर ठेवला की खडाही तरंगतो, हे तिला सापडलं. मग बाकीच्या अकरा जणांना बोलावून तिने ते दाखवलं. मी तीस वर्षं मुलांना शिकवते आहे, आणि माझा चहा हातातच गार झाला.

वादळात आडवं झालेलं एक प्रचंड झाड आहे, मुलं त्याला मोठोबा म्हणतात. आमचा नियम असा की मुलाला उचलून कुणी वर ठेवायचं नाही. ज्याला चढता येईल त्याने चढावं, आणि मोठ्यांनी हात मागे बांधून उभं राहावं. बटण तीन आठवडे मोठोबाच्या सालीवर तळवा टेकवून नुसती वर बघते आहे. ये आणि बघ. पण हात मागे!

तुझी ताई

ता. २४ सप्टेंबर

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद. 'उत्तम' या वेळी गाळलं आहे, का ते कळेलच.

चार दिवस राहिलास, शहाण्यासारखा हात मागे बांधून उभा राहिलास. मुलांसमोर मी तुझं कौतुक केलं. रविवारी बालवाडी बंद, आणि तू पिशवी घेऊन फिरायला जातो म्हणालास. सोमवारी बघते तर मोठोबाच्या उतरत्या बाजूला तीन पायऱ्या खोदलेल्या, कडा पॉलिशपेपरने घासलेल्या! टेप लावायची गरज नव्हती, तरी लावली. साडेसहा, साडेसहा, साडेसहा.

मुलं हरखली. एरवी प्रत्येक जागा हाताने चाचपून मग पाय ठेवणारी ती पोरं आभाळाकडे बघत धावत चढायला लागली. बटणही चढली. तिचा तो चेहरा बघून माझंही मन भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या पायऱ्या तीनच, पुढे नुसती गोल साल. तिचा पाय चौथ्या पायरीसाठी बरोबर साडेसहा इंच उचलला गेला, आणि तिथे काहीच नव्हतं.

हनुवटीला दोन टाके पडले. ती बरी आहे, टाके सगळ्यांना दाखवत फिरते. पण मोठोबाजवळ ती आता फिरकत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

ताई

ता. २७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

गुन्हा कबूल. ती सालीवर तळवा टेकवून उभी होती ना, ते मला बघवलं नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

जन्मभर मला वाटायचं, मी लोकांचे पाय सांभाळतो. त्यांना खाली बघायची गरजच उरू दिली नाही, हे आत्ता तुझ्या पत्रातून कळलं. शनिवारी लाकडाचे ठोकळे आणि सरस घेऊन येतो, पायऱ्या बुजवून टाकतो. शाळेचं काय ते तुम्हीच ठरवा, असं मुलगा म्हणतो. माझ्या ठरवण्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही.

तुझा अपराधी भाऊ

ता. १ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. (परत दिलं.)

ठोकळे आणू नकोस. पावसाचं पाणी तुझ्या वरच्या पायरीत साचलंय आणि एक पाखरू रोज तिथे अंघोळ करतं.

काल बटण हातात काठी घेऊन आली. तुझ्या पायरीपाशी काठी उभी धरली, उंचीवर नखाने खूण केली. मग ती काठी प्रत्येक मुळाला, दगडाला, खोडाला लावत सबंध सकाळ हिंडली. खूण कुठेच जुळेना. शेवटी तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं की अख्ख्या जंगलात सारख्या अशा या तीनच आहेत, बाकी सगळं वेगवेगळं आहे, म्हणून तिथे नीट बघावं लागतं. तुझा चाळीस वर्षांचा धंदा तिने एका काठीने एका सकाळी ओळखला!

आता ती मोठोबाच्या मुळांच्या बाजूने रोज चाचपते आहे. शनिवारी ये, रिकाम्या हातांनी.

ताई

ता. ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शेजारीच उभी होतीस, तरी सगळं लिहून ठेवतो.

चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक मुळावर आधी तळवा, मग गुडघा, मग पाय. दोनदा ती आपणहून खाली उतरली. आणि तो जाड तळाचा बूट, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं हळहळलो, तो तिने दोन मुळांच्या बेचक्यात पाचरीसारखा रोवला आणि त्यावर उभी राहिली! लाकडात पाचर कुठे बसते हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती. एकदा ती घसरली तेव्हा मी पाठीमागे माझंच मनगट असं आवळलं की वळ अजून आहेत.

वर पोचल्यावर तिने सगळीकडे बघून घेतलं, मग खाली माझ्याकडे बघितलं, आणि मला सांगितलं की आजोबा, झालं माझं, आता हात सोडा. मी सोडले, आणि मला रडू आलं.

सपाट शाळेतून काल नाव काढून आलो. नंतर घरी माझ्याच हातचा जिना चढताना, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, प्रत्येक पायरीकडे बघत चढलो.

तुझा लोभ असाच टोचत राहो.

तुझा खिळ्या