उंदरांनी नेलेली नाळ

प्रिय ऋचा,

तू पाठवलेला फॉर्म पोचला. आठ दिवस झाले, तो टेबलावर पडून आहे आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवून मी घरभर फिरते आहे. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवणाऱ्या बँकेला आजीकडच्या आजारांची माहिती हवी आहे, पाच मिनिटांचं काम आहे, सोमवारपर्यंत फोटो पाठव, असं तू म्हणालीस. तीस वर्षं सरकारी रजिस्टरं भरलेल्या बाईला एवढा एक रकाना भरता येऊ नये, याची तुझ्या बाबांना गंमत वाटते. 'काहून घाबरून राह्यली? लिहून टाक ना,' म्हणतात, आणि स्वतः मात्र पेपर घेऊन अंगणात जाऊन बसतात.

मी झरी जामणीकडे नर्स होते तेव्हा नाळ बांधायची, कापायची आणि वार घरच्यांच्या हवाली करायची, इतकंच ठाऊक होतं. ते लोक ती घाईघाईने पुरून टाकायचे. त्यातलं रक्त पुढे कुणाच्या कामी येईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच तपासायला घेतलं असतं! पण तुमची कुरिअरवाली बँक निघायच्या आधी आपल्याही घरी बँक होतीच की. तुझ्या आजीने अनिकेतदादाची वाळून पडलेली नाळ हळदीच्या फडक्यात बांधून पावडरच्या डब्यात ठेवली होती. त्याचं पोट दुखलं की सहाणेवर दोन वळसे उगाळून चाटवायची. मी नर्स, पण सासूपुढे माझी नर्सगिरी चालत नसे.

तू सात वर्षांची असताना तो डबा उघडलास. 'दादाची आहे, मग माझी कुठाय?' म्हणालीस. मी पटकन सांगून टाकलं की घर बदलताना उंदरांनी नेली. तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भगवानरावांकडून पिंजरा मागून आणलास आणि आठवडाभर पलंगाखाली लावलास. एक उंदीर सापडला, तर त्याच्यासमोर बसून तू त्याची उलटतपासणी घेतलीस. आजी हसून हसून रडली. लग्नात अक्षयला तो किस्सा तू स्वतः रंगवून सांगितलास आणि सगळा मांडव हसला. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले होते.

आता झरीकडची गोष्ट. तेव्हा बाबा वणीला नोकरीला, तीन वर्षांचा अनिकेत आजीजवळ यवतमाळला, आणि मी एकटी त्या जंगलातल्या गावात. जवळच कोलाम आदिवासींची वस्ती होती, तिकडे तिला पोड म्हणतात. रुपीबाई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती. माझी कडक इस्त्रीची साडी पाहून पहिल्याच दिवशी ती तोंडाला पदर लावून हसली. पुढे तिच्यामुळेच पोडावरच्या बाया मला घरात घेऊ लागल्या. माझ्यासाठी ती रानातून पिकलेली टेंभुरं आणायची, मोहाची फुलं भाजून खायला तिनेच शिकवलं. तशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही. अधूनमधून मात्र तिचे हातपाय इतके ठणकायचे की दोन दोन दिवस उठायची नाही, डोळे पिवळे व्हायचे. मी कावीळ म्हणायची आणि रक्तवाढीच्या गोळ्या द्यायची. मला तेवढंच येत होतं.

तिला पाचवा महिना असताना तिचा नवरा तापाने गेला. बाळंतपण मीच केलं, भर दुपारी, तिच्याच घरात. मुलगी झाली. 'बाई, नाक तं तुमच्यावानी आलं पोरीले!' म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. बाराव्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. जीप मिळून पांढरकवड्याला पोचेपर्यंत ती गेली. तिची आई जवळजवळ आंधळी होती. 'हिले तुमीच न्या बाई. मले दिसत नाही, मी कायच्यानं वाढवू?' असं म्हणून त्या म्हातारीने तुला माझ्या ओटीत घातलं.

हो ऋचा, तुला. बाबा वणीहून आले, तुझ्याकडे पाहिलं, दूध कुठलं देते आहेस एवढंच विचारलं आणि बाटली आणायला परत फिरले. पुढे कोर्टातून तुला रीतसर दत्तक घेतलं. आजीला सगळं माहीत होतं, तिने जन्मात कुणाला सांगितलं नाही. मी मात्र दर वर्षी ठरवायची, शाळेत जाऊ दे, दहावी होऊ दे, लग्नाआधी सांगू. मला आई म्हणताना तू क्षणभर अडखळशील, या एका भीतीने गप्प बसले. आणि त्या भीतीपायी मी वाईट वागले. नववीत तुमच्या शाळेत सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली, तुझ्या कार्डावर 'वाहक' लिहून आलं. तुला सांगितलं की रक्त जरा कमी आहे, आणि कार्ड त्या पावडरच्या डब्यात लपवलं. रुपीच्या ठणकणाऱ्या हातापायांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही, घाबरू नकोस. पण नवराही वाहक असला तर बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता असते. अक्षय दारव्ह्याचा, आपल्याच भागातला, आणि आपल्याकडे हा आजार बराच आढळतो. लग्नाआधी त्याचं रक्त तपासा म्हटलं असतं तर कशासाठी तेही सांगावं लागलं असतं. नर्स असून मी तोंड उघडलं नाही, याची मला लाज वाटते.

म्हणून हे पत्र. बँकेचं मागाहून बघू. रक्तातच तो दोष असला तर बाळाचं स्वतःचं साठवलेलं रक्त त्या आजारावर त्याच्या कामी येत नाही. तुला चौथा महिना आहे, अजून वेळ आहे. कार्ड सोबत पाठवते आहे. ते घेऊन अक्षयसह याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, त्याचं रक्त तपासून घ्या. फॉर्मचा रकाना मी भरला आहे, बाळाच्या आजीचं नाव रुपीबाई लिहिलं आहे. राग आला तर इथे येऊन भांड, फोनवर गप्प मात्र बसू नकोस. आणि एक राहिलंच. सातव्या दिवशी तुझी नाळ पडली, तेव्हा रुपीने ती पळसाच्या पानात गुंडाळली, माझ्या हातात कुदळ दिली आणि दारासमोरच्या मोहाखाली खड्डा करायला लावला. मोह अजून उभा आहे, दर उन्हाळ्यात मी जाऊन बघून येते. उंदरांनी काही नेलं नाही, बेटा.

तुझीच,
खोटं बोललेली आई