ऐंशी टक्क्यांवर थांबणारा सूड

१२ जून, गुरुवार

फोनला पोट आलंय!

विनोद नाही. सकाळी कपाटातून काढला तर पाठ फुगलेली, काच एका कडेने उचकटलेली, आतून गोडसर घाण वास. चालू होईना. बटण दाबलं, धरून दाबलं, शेवटी देवाला हाक मारून दाबलं. शांत! वाळूच्या डब्यात घालून घरापासून लांब, पपईखाली ठेवलाय. घरात पेटला तर काय घ्या.

चार वर्षं या फोनला मी जपलं. छपरावरचं छोटं सौर पॅनेल, त्याला जुन्या फोनचा मरतुकडा चार्जर, आणि दिवसभर शनैः शनैः भरणं. ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही, तिसाच्या खाली येऊ दिला नाही, उन्हात ठेवला नाही. माझ्या सासूबाईंनी मला एवढं जपलं नव्हतं. गाव हसायचं. "हिचा फोन सकाळी जेवायला बसतो तो संध्याकाळी उठतो!" हसा. ज्यांनी आपले फोन वीस-वीस मिनिटांत ठासून भरले त्यांचे दोन वर्षांत म्हातारे झाले. माझा दिवसभर पुरायचा.

आणि विलीकेसाने काही दिवसांत त्याचा खून केला.

विलीकेसा म्हणजे नवऱ्याचा चुलतभाऊ, माझा दीर, गावातल्या एकुलत्या एक दुकानाचा मालक. गेल्या महिन्यात त्याचा फोन समुद्रात पडला. नवा राजधानीहून, सुव्हाहून बोटीने यायचा होता. दारात येऊन म्हणाला, "केरेकेरे, वहिनी." संपलं! नात्यातल्या माणसाने केरेकेरे म्हणून हात पुढे केला की नाही म्हणायची सोय या देशात नाही, पुण्याहून आलेल्या सुनेलाही नाही. मी दिला. परवा आपेनिसाने, माझ्या नवऱ्याने, घरी आणून कपाटात ठेवला. "विलीने परत दिलाय." एवढंच बोलला.

विलीच्या दुकानात तो पांढरा ठोकळा आहे, जलद चार्जर. फोन भरत नाही तो, उकळतो.

आत जेट्टीचे फोटो होते. सगळेच्या सगळे.

१३ जून, शुक्रवार

दुकानात गेले. सरळ विचारलं. दुकानात पाचसहा माणसं, कोपऱ्यात आपेनिसा गळ निवडत बसलेला.

"माझ्या फोनला तो ठोकळा लावलास का रे?"

विलीने कोपऱ्याकडे पाहिलं. मग मान पुढे केली. "हो वहिनी. माझीच चूक. मारा."

"मारल्याने फोन चालू होणार आहे का?"

"नाही. पण तुम्हाला बरं वाटेल."

सगळे हसले! इतक्या चटकन कबूल होणारा माणूस निर्लज्जच असला पाहिजे. आपेनिसा गळ न घेताच बाहेर पडला. भावासमोर बायकोने तोंड सोडलं याची लाज वाटली असणार. वाटू दे.

१५ जून, रविवार

चर्चमध्ये क्षमेवर प्रवचन झालं. मी गाणी म्हटली. बाकीचं ऐकलं नाही.

१६ जून, सोमवार

आपेनिसाच्या बटणांच्या फोनवरून सुव्हाला दत्तांना फोन लावला. दत्त आमच्या पेपरचे संपादक. चार वर्षं मी त्यांना दर आठवड्याला बेटाची खबर पाठवते. कोणाची यंगोनाची, त्या गुंगीच्या पेयाची, मुळं किती भावाने गेली, कोणाच्या डुकराने कोणाचं अळू खाल्लं. मेमध्ये मात्र खरी बातमी दिली. सरकारने जेट्टीसाठी सिमेंट पाठवलं, जेट्टी अर्धी राहिली, आणि सिमेंट गायब. माणसं अजून कमरेएवढ्या पाण्यातून बोटीपर्यंत जातात. काकू, म्हणजे विलीची आई, डोक्यावर पोतं घेऊन जाते, या वयात! दुसऱ्या भागात सिमेंट कोणाकडे मुरलं ते येणार होतं. फोटोंसकट. कुळप्रमुखांची नवी गुळगुळीत ओसरी मी तीन बाजूंनी टिपली होती.

दत्त म्हणाले, "बाई, तुमचं लिखाण मला आवडतं. पण आता फोटो लागतात, चालतं चित्र लागतं. बटणांच्या फोनवर मी काय छापू, तुमचा आवाज?"

"मग?"

"तुमच्याकडे कोणाचा तरी नवा फोन आलाय म्हणे."

कोणाचा ते विचारायची गरज नव्हती.

१७ जून, मंगळवार

विलीकेसा बेटाचा बातमीदार झाला!! पहिली बातमी: त्याच्याच दुकानात नव्या टिनच्या माशांचा माल आला.

माझा फोन मारला आणि वर माझी जागाही घेतली. असं कथेत लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

१८ जून, बुधवार

साम करून झालं. दाम माझ्याकडे नाही. दंड झेपायचा नाही, तो रग्बी खेळलेला आहे. भेद करावा तर सगळं गाव एकमेकांचं नातेवाईक. जुन्या मंडळींनी चारच उपाय सांगून ठेवले, त्यांच्याकडे फोन नव्हते.

२० जून, शुक्रवार

पाचवा सापडला.

संध्याकाळी दुकानात गेले, चेहऱ्यावर शांतरस. "विली, केरेकेरे. तुझा फोन दे जरा, पुण्याला बहिणीशी बोलायचंय." तो हसला. नाही कसं म्हणणार? मी टेकडीवर फणसाच्या झाडाखाली गेले, तिथेच इंटरनेटची रेंज येते, साधा फोन घरातूनही लागतो. बहिणीशी खरंच बोलले, खोटं कशाला. मग त्याच्या फोनच्या पोटात शिरले. बॅटरीचं आरोग्य असं एक पान असतं, तिकडे कोणी फिरकत नाही. जलद चार्जिंग: बंद. मर्यादा: ऐंशी टक्के. झालं! साप नाही, विष नाही.

परत देताना म्हणाला, "झालं बोलून, वहिनी? अजून हवा असला तर ठेवा."

फार गोड बोलतो. मेल्याला लाज नाही.

गंमत एवढीच की आता त्याची बॅटरी वर्षानुवर्षं टिकेल. शत्रूला दीर्घायुष्य देऊन त्याचा छळ करायचा असा हा माझा सूड. पुण्यात शिकले तेव्हा असा प्रकार कुठे वाचला नव्हता.

२३ जून, सोमवार

लागू पडलं!

दुकानाचा जनरेटर संध्याकाळी सहा ते आठ चालतो, डिझेल महाग. पूर्वी तेवढ्यात विलीचा फोन तीनदा भरून झाला असता. आता दोन तासांत निम्मासुद्धा होत नाही. आणि टेकडीवर रेंज शोधताना निम्म्याचं निम्मं उडतं. आज तो दुपारीच घरी आला.

"वहिनी, तुम्हाला यातलं कळतं. माझा फोन हळू झालाय."

"वयपरत्वे होतं."

"तीन आठवड्यांचा आहे!"

"मग वाढीच्या वयाला आला असेल. खाऊ दे सावकाश."

आपेनिसा नारळ खवत होता. हसला नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो पहिला हसतो.

२६ जून, गुरुवार

काल चर्चच्या कामासाठी जनरेटर बराच वेळ चालला. विलीचा फोन ऐंशीला पोचला आणि थांबला. विली त्याच्यासमोर वाकून बसलेला! "ऐंशीवर येतो आणि म्हणतो पुरे. ढकलला तरी पुढे सरकत नाही."

काकूने खोबरेल आणलं आणि फोनला चोळलं. "नजर लागलीय. आमच्या वेळी शंख फुंकला की सगळ्या गावाला बातमी कळायची. शंखाला कधी भूक लागली नाही."

"आई, तेल नको, आत जाईल."

"जाऊ दे की. सांधे मोकळे होतील."

मी ओठ चावून बसले. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. काकूसाठी थोडं वाईट वाटलं. थोडंच.

२८ जून, शनिवार

आपेनिसाने मोठा मासा आणला. स्वतः साफ केला, अळूच्या पानात नारळाचं दूध घालून स्वतः शिजवला. मग म्हणाला, "फोनचं जाऊ दे आता. आणि त्या जेट्टीचंही."

"जेट्टीचं का?"

"गावात राहायचंय आपल्याला."

"चोवीस वर्षं राहिलेच की. गावाने खाल्लं काय मला?"

त्याने ताट उचललं. भावाची कड घेतोय! माझा फोन मेला, माझी जागा गेली, आणि मीच जाऊ द्यायचं. मासा उत्तम झाला होता. तसं सांगितलं नाही.

१ जुलै, मंगळवार

विलीने या आठवड्यात एकच बातमी पाठवली, तीही अर्धी. मधेच फोन गेला. पेपरात छापून आलं: "गावातील ज्येष्ठ नागरिकांनी काल." पुढे जाहिरात.

कापून ठेवलंय.

३ जुलै, गुरुवार

आजचा दिवस सोन्याने मढवावा!

मंत्री आले. जेट्टीची पाहणी! मी मेमध्ये लिहिलेलं कोणीतरी वाचलं म्हणायचं. बोट जेट्टीपर्यंत येईना, कारण जेट्टी बोटीपर्यंत जातच नाही. लाटा जोरात. शेवटी दोघा पोरांनी मंत्र्यांना खांद्यावर घेतलं. चपला हातात, विजार गुडघ्याच्या वर, आणि मध्येच एक लाट! मंत्री कमरेपर्यंत भिजले. किनाऱ्यावर अख्खं गाव, स्वागताला बसलेले कुळप्रमुख, आणि पाण्यातून येणारी सरकारी मूर्ती. या फोटोपुढे हजार शब्द फिके. मी बारा वर्षं लिहिलं असतं तरी एवढं बोलकं झालं नसतं.

आणि विलीचा फोन बंद!

सकाळपासून तो रेंजसाठी टेकडीवर चढउतार करत होता. मंत्री पाण्यात शिरले तेव्हा पडद्यावर लाल खूण, मग काळोख. विली फोनला थोबाडीत मारल्यासारखं करतोय, मी लांबून पाहतेय. आयुष्यात असा निखळ आनंद क्वचित मिळतो.

संध्याकाळी दत्तांचा फोन, आपेनिसाच्या बटणांच्या फोनवर. "बाई, सुव्हातल्या दुसऱ्या पेपरकडे मंत्र्यांचा फोटो आहे, बोटीवरच्या कोणीतरी काढलेला. आमच्याकडे काय आहे? टिनचे मासे!" दम घेतला. "परत या. फोटो गेले खड्ड्यात, शब्द द्या. सिमेंट कुठे गेलं ते नावानिशी. सोमवारी सांगा, मी स्वतः लिहून घेतो."

नावानिशी! मी आपेनिसाकडे पाहिलं. तो उठून समुद्राकडे गेला.

जिंकले.

५ जुलै, शनिवार

विली आला. दुकान उघडं टाकून. मला वाटलं, कळलं याला, आता भांडण. मी तयारीत बसले.

भांडला नाही. उंबऱ्यावर बसला, हातात फोन फिरवत. "वहिनी, सोमवारची बातमी देऊ नका."

"का? ज्याचं नाव येईल त्याने बघावं."

"तुम्ही माझ्यावर चिडलायत ना? अजून चिडा. चारचौघांत काय वाटेल ते बोला, मी हसत ऐकीन. पण ती बातमी राहू द्या."

"प्रमुखांनी वकील नेमलाय वाटतं तुला."

"प्रमुखांनी नाही."

"मग कोणी?"

फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा ऐंशीवर थांबतो ते तुम्ही केलंय. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बदललं का नाहीस?"

"म्हटलं, तुमचा राग माझ्यावर खर्च होतोय तर होऊ दे."

उठला आणि गेला. मी दारात उभी. दीर आहे की कोडं! म्हणजे एवढे दिवस तो मुद्दाम अर्धमेला फोन घेऊन टेकड्या चढला? कशासाठी?

प्रमुखांची ओसरी लिहून काढलीय. मजकूर चांगला झालाय, धार आहे. उद्या रविवार, काम बंद. परवा वाचून दाखवायचा.

७ जुलै, सोमवार

आपेनिसा चटईवर माझ्यासमोर बसला. मान खाली, दोन्ही हातांत देवमाशाचा दात. समोरच्याने तो हातात घेतला की झालं ते मिटलं, पुन्हा कोणी कधी त्यावर बोलायचं नाही. इथली माफी अशी असते.

मग त्याने सगळं सांगितलं: विलीने फोन कपाटात येण्याच्या आठवडाभर आधीच परत दिला होता, धडधाकट. दिवसा पत्र्यावर, भर उन्हात, संध्याकाळी दुकानातल्या ठोकळ्याला लावून दिवसेंदिवस तापवला तो नवऱ्याने. फोटो जळावेत म्हणून. ओसरी सगळ्यात शेवटी झाली. पहिली पोती आमच्याकडे आली. मी स्वयंपाक करते त्या जमिनीत त्यातलं सिमेंट ओतलंय, आणि मी ते विकतचं समजत होते.

"चुकलं माझं," म्हणाला. मराठीत. पुण्यात शिकलेलं, इतक्या वर्षांनी. उच्चार स्वच्छ होता.

दात घेतला नाही. त्याच्याच फोनवरून दत्तांना लावलं. लिहिलेला मजकूर बाजूला ठेवला आणि सांगितलं, "जेट्टीचं सिमेंट माझ्या स्वयंपाकघरात आहे."

पलीकडे दत्तांनी कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नाव?"

मी सांगितलं.