नाकाला पदर

चेन्नई
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप भागीरथीआत्यास,
किर्तीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पोचले गं. एकटी, धडधाकट आणि बॅगेसकट. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्या वाटतात, म्हणून कागद-पेन घेऊन बसलेय. शाळा सुटल्यापासून एवढं हाताने लिहिलं नव्हतं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

हॉस्टेलबद्दल एकच शब्द, शी! चादरीवर कुणाचा तरी हातभर लांब केस. बादलीला आतून बुळबुळीत थर. उशीला आधीच्या बाईच्या डोक्याचं तेल, म्हणून ती उलटी केली, तर त्या बाजूला तिच्याही आधीच्या बाईचं. शेवटी माझी ओढणी अंथरून त्यावर डोकं टेकलं. खोलीत रायपूरची संध्या म्हणून मुलगी आहे. ती चांगली आहे, पण नखरेल. तू दिलेल्या लसणाच्या चटणीचा डबा बॅगेत बंद आहे, वर दोन पिशव्या गुंडाळल्यात, तरी म्हणते लसणाचा वास खोलीभर सुटलाय. मला तर काही येत नाही. काहींना उगाच नाक मुरडायची सवय असते.

आता कामाचं. निघायच्या गडबडीत तुला नीट सांगितलंच नाही. हे नाकाने वास मोजायचं ट्रेनिंग आहे. हसू नकोस! कारखान्याच्या बाहेर वास किती येतो ते मशीनपेक्षा माणसाचं नाक बरं सांगतं म्हणे. आमच्या लॅबचे विकास सर एक बाटली घेऊन आले आणि आम्हा सगळ्या मुलींना हुंगायला दिली. मीना बेसिनकडे धावली. बाकीच्यांनी तोंडं फिरवली. मी शांतपणे झाकण लावून बाटली परत दिली. सर म्हणाले की नाक असावं तर असं, आणि माझं तिकीट काढलं. परत गेले की फेब्रुवारीत कायमची नोकरी. चार वर्षं कंत्राटावर काढली, आता आण्णांना जरा ताठ मानेने सांगता येईल.

इथे दिवसभर बाटल्या. सडकी अंडी, कुजके मासे, घामट मोजे, नासलेलं लोणी. एकीत तर, तुला सांगते, ओकारीचाच वास होता, आणि तो कसा केला हे विचारायची माझी छाती झाली नाही. आणि तोंड वाकडं करायचं नाही! शिकवणाऱ्या मॅडमचा पहिलाच नियम म्हणजे 'घाण' हा शब्द बंद. वास चांगला-वाईट नसतो, कमी-जास्त असतो, म्हणून शून्य ते सहा असा आकडा लिहायचा. तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही. इथल्या बायका अशा मोगरा माळून येतात आणि मी भुंडी.

जितेशला सांग पत्र लगेच टाकायला. लोभ आहे तो असाच असू दे, मी पावडरीशिवाय असले तरी.

तुझी,
किर्ती


सोनिवली
९ जानेवारी २०२५

चि. किर्तीस,
भागीरथीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. जितेशने विचारलं की आई, वाचून दाखवू का. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, मला वाचून दाखवतो! त्याच्या बापाला सुद्धा सही मी शिकवली. तुझं अक्षर मात्र खरंच कोंबड्यांनी उकरल्यासारखं आहे.

उशीचं वाचून हसले. लहानपणी दुधात सायीचा धागा दिसला तरी तुला उलटी व्हायची, आणि माझ्या पदराला राखेचा वास येतो म्हणून तू मांडीवर बसायची नाहीस. तेच नाक आता नोकरी मिळवणार. देवाची करणी.

बाकी इकडची घाण आहे तशीच आहे. होय, घाणच. तुझ्या मॅडमला सांग, सोनिवलीला तो शब्द चालतो. दिवेलागण झाली की मागच्या नाल्याला तो वास सुटतो. सडका लसूण आणि जळकं रबर एकत्र वाटल्यासारखा. उदबत्ती लावावी तर दोन्ही मिळून तिसरंच काही होतं आणि देवालाही नको वाटत असेल. समोरच्या नव्या बिल्डिंगीतल्या कैलासची सून पोटुशी आहे, तिच्या पोटात अन्न ठरत नाही. पाण्यावर फेस असतो, परवा त्यात एक मेलेलं डुक्कर फुगून दोन दिवस अडकलं होतं. ते एक वेळ परवडलं, त्याचा वास निदान ओळखीचा.

एक गोष्ट मनात ठेवली होती, ती आता लिहून टाकते. मागच्या महिन्यात तू आलीस, संध्याकाळी ओट्यावर बसलीस. मी नाकाला पदर लावून बसले होते आणि तू माझ्यासमोर ताटलीभर पोहे चाटूनपुसून खाल्लेस. मला राग आला. वाटलं, कंपनीचं मीठ खाते, म्हणून कंपनीची घाणही हिला गोड लागते. बोलले नाही, कारण तू पाहुणी.

पण आता राग गेला, का ते सांगते. काल कैलास, मी आणि बिल्डिंगीतल्या बाया तुमच्या कंपनीच्या गेटवर गेलो होतो. तिथल्या माणसाने सांगितलं की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वासाचा खास शिकलेला माणूस येईल, सरकारी साहेबासमोर मोजेल, आणि जो आकडा येईल तो सगळ्यांनी मानायचा. आम्ही मान डोलावून घरी आलो, आणि दारात तुझं पत्र! अगं, तो शिकलेला माणूस म्हणजे तूच की! काखेत कळसा नि गावाला वळसा. मी कैलासला सांगून टाकलं, आमचीच पोरगी येणार आहे, ती खरं तेच लिहील. त्याच्या सुनेनेही हात जोडले.

चटणी खा, संध्यालाही दे. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागायला नकोत.

तुझी आत्या,
भागीरथी


चेन्नई
१४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आज इथे त्यांचा सण, सुट्टी आहे. खाली अंगणात भाताचं पातेलं उतू जाऊ दिलंय आणि सगळे आनंदाने ओरडतायत. मी खोलीत बसलेय. हे पत्र आण्णांना दाखवू नकोस.

तुझं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी अकरा नंबरची बाटली आली. मॅडमनी ती लांबूनच फिरवली. पहिल्या रांगेतल्या मुलाने खुर्ची मागे सरकवली, संध्याही माझ्याच वर्गात आहे, ती तोंड दाबून बाहेर गेली. माझ्यापाशी आली तेव्हा मी नाक अगदी आत घातलं. काही नाही, आत्या. साध्या पाण्याची बाटली असावी तसं. मी शून्य लिहिलं. मला वाटलं मॅडम आमची फजिती बघतायत. त्यांनी माझा कागद पाहिला, मला थांबवलं, आणखी कडक बाटली आणली. शून्य. तिसरी आणली तेव्हा खिडक्या उघडाव्या लागल्या. शून्य.

मग त्यांनी विचारलं की मी कुठे काम करते. सांगितलं. म्हणाल्या की रोज त्याच रसायनात असलं की काही जणांचं नाक त्या एका वासाला मरतं, बाकी सगळं शाबूत राहतं. या वासाची जात म्हणजे कुजका लसूण. घरच्या सिलिंडरलाही गळती कळावी म्हणून असलाच वास घालतात. तेव्हा मला आठवलं, दिवाळीत आई ओरडत धावत आली होती, शेगडीचं बटण उघडं होतं आणि मी शेजारीच उभी राहून चकल्या मोजत होते. आईने बेफिकीर म्हणून शिव्या घातल्या होत्या.

खोलीवर येऊन तुझी चटणी उघडली. मिरची आली, खोबरं आलं, मीठ जिभेवर आलं. लसूण नाही. डबाभर तुझ्या हातची चटणी आणि त्यात लसूणच नाही. संध्या उगाच नाक मुरडत नव्हती गं.

म्हणजे विकास सरांनी ती बाटली नाकाची परीक्षा घ्यायला आणलीच नव्हती. मीनाला ओकारी आली म्हणून ती नापास, आणि मला काहीच आलं नाही म्हणून मी पास. त्यांना नाक नकोच होतं, नाक नसलेली मुलगी हवी होती. आणि मी मोठ्या तोऱ्यात बाटली परत दिली! गेले दोन दिवस मला उशीची, बादलीची, कशाचीच किळस येत नाही. माझीच येते. तुझ्यासमोर बसून त्या वासात मी पोहे खाल्ले, चाटूनपुसून, आणि वर आणखी लिंबू मागितलं होतं.

मॅडमनी सर्टिफिकेट दिलंय, त्यावर खाली एक ओळ लिहिलीय की या जातीचा वास मोजायला ही व्यक्ती योग्य नाही. सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले की तो कागद बॅगेतच ठेव, तुझ्या नाकाला जे येईल तेच प्रामाणिकपणे लिही, खोटं लिही असं कोण म्हणतंय.

खोटं नाहीच ते, आत्या. माझं नाक शून्यच सांगणार. मी काय करू? लोभ असू दे, या पत्रानंतरही.

तुझी,
किर्ती


सोनिवली
१८ जानेवारी २०२५

चि. किर्तीस,
अनेक आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

पत्र वाचून आधी रडले, मग इतका संताप आला की तांब्या भिंतीवर आपटला. त्याला पोचा आलाय. त्या तुझ्या सराची मला शिसारी येते. पोरीचं नाक खाल्लं ते खाल्लं, वर त्याचीच साक्ष काढतो! उष्टं खाणारी माणसं पाहिली, पण अशी नाही पाहिली.

पोह्यांचं मी लिहायला नको होतं. लिहिलं ते लिहिलं. तुझी किळस तू करू नकोस, ती माझ्यावर सोपव. मला ती करायची सवय आहे, तुझ्या काकांच्या विडीपासून.

आण्णा आला होता. दाखवू नकोस म्हणालीस, तरी मी त्याला सांगितलं, कारण गॅसची गोष्ट बापाला माहीत हवी. पोचा आलेला तांब्या त्याने हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला की पोरीने आकडा टाकून मोकळं व्हावं, नाला काय आज घाण झाला नाही, कायमची नोकरी पुन्हा येणार नाही. त्याचंही चुकत नाही. कैलासची सून विचारते, तुझी भाची कधी येणार. तिचंही चुकत नाही.

तू काय लिहायचं ते मी सांगणार नाही. तू आलीस की माझ्या घरात शून्य लिहिलंस तरी जेवल्याशिवाय जायचं नाही, एवढंच. माझा लोभ आकड्यावर नाही.

तुझी आत्या,
भागीरथी


सोनिवली
४ फेब्रुवारी २०२५

चि. किर्तीस,
आशीर्वाद. जितेशच्या हाती पाठवते आहे, तो कामावर जाताना वाटेत देईल. उत्तर त्याच्याच हाती दे.

जेवल्याशिवाय गेलीस. कंपनीच्या गाडीत बसवून नेलं त्यांनी, ते पाहिलं मी, म्हणून या वेळी माफ.

पण झालं काय ते मला नीट सांग. मी ओट्यावर होते, मला सगळं दिसलं आणि काही ऐकू आलं नाही. दिवेलागणीची वेळ, वास असा सुटलेला की डोळ्यांत पाणी. तू नाल्याच्या काठाला गेलीस. सरकारी साहेबाने नाकाला रुमाल लावला, तुझ्या सराने लावला, ड्रायव्हरने गाडीच्या काचा वर केल्या. आम्हा बायांचे पदर आधीच लागलेले. त्या सगळ्या गर्दीत नाक उघडं ठेवून तू एकटी उभी होतीस, आणि मला भडभडून आलं. मग तू सराकडे बोट करून काही बोललीस. त्याने रुमाल खाली घेतला, पुन्हा लावला. तू साहेबाच्या हातात कागद दिलास. कैलासची सून रडायला लागली आणि बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

आता कैलास एक सांगतो, जितेश दुसरं सांगतो. तुझ्या तोंडून हवंय. आशीर्वाद आहेत, पोटभर.

तुझी आत्या,
भागीरथी


अंबरनाथ पूर्व
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

जितेश खाली थांबलाय, हॉर्न वाजवतोय, म्हणून भराभर लिहिते.

गाडीत बसेपर्यंत मी शून्यच लिहिणार होते. आण्णांनी सकाळी माझा डबा स्वतः भरला, त्यानेच मी मोडले होते. काठावर उभी राहिले, वास घेतला. ओली माती, शेवाळ, कुणाच्या तरी घरची फोडणी. मला छान संध्याकाळ वाटली, आत्या. इतकी छान की अंगावर काटा आला. मागे वळून पाहिलं तर सगळ्यांची तोंडं झाकलेली आणि मीच तेवढी मोकळी.

सरांना विचारलं की तुमच्या नाकाला रुमाल का. म्हणाले धूळ आहे. मग मी मोठ्याने सांगितलं की मला इथे काहीही वास येत नाही, चार वर्षांत तुमच्या लॅबने तो घेतला, आणि म्हणूनच तुम्ही मला आणलंय. ते पुन्हा धूळच म्हणाले. मॅडमचं सर्टिफिकेट साहेबाच्या हातात दिलं. आकड्याच्या चौकटीत मी 'घाण' लिहिलं आणि खाली सही केली. साहेब म्हणाले की हा आकडा नव्हे, हा कागद रद्द करावा लागेल, आणि मोजायला बाहेरगावची माणसं बोलवावी लागतील, ज्यांना वास येतो अशी. टाळ्या त्यावर होत्या.

आज लॅबमध्ये माझं कार्ड चाललं नाही. वॉचमनने मान खाली घालून सांगितलं की आत सोडायला मनाई आहे. मीना जेवणाच्या सुट्टीत गेटवर आली, माझी डबी आणि चमचा आणून दिला आणि बराच वेळ हात धरून उभी राहिली. आण्णा घरी आहेत. शेगडीचं बटण दर थोड्या वेळाने उठून बघतात.

नाक परत येईल की नाही हे मॅडमनाही सांगता आलं नाही. रविवारी येते तुझ्याकडे, जेवायला आणि राहायलाही. एकच मागणं आहे. संध्याकाळी ओट्यावर बसलो की तू पदर लावशील, तेव्हा मला कोपराने खूण कर. मी पण ओढणी लावीन. मला येत नसला तरी.

तुझी,
किर्ती