पदराच्या गाठीतली पुडी

शुक्रवार, सांजच्याला, दवाखान्यात

न्हाई, मी सांगितलं ते भिऊन न्हाई. कुणी इचारलं न्हाई, तरी लिहिते. उद्या काळजाची झडप बदलायची व्हती, म्हणून सांगितलं.

दोन वर्सं झाली, वडवणीच्या बाजारातल्या वैदाकडून गुडघ्याची पुडी घेते. घेतली की गुडघा हलका. सून म्हणली, "आत्या, डॉक्टरला सांगा." मी म्हणलं, "काळजाचा अन् गुडघ्याचा काय संबंध गं?" अन् पुडी पदराच्या गाठीतच ठिवली.

आज डॉक्टरीण बाईनं दंडावरले काळेनिळे डाग बघितले. "आजी, दुखण्यावर काय घेता?" लई गोड इचारलं. मग गाठ सोडली.

त्या म्हणल्या, "यात स्टिरॉइड असणार. एकदम बंद केलं तर ऑपरेशनमध्ये बीपी कोसळू शकतो. अशा पुडीत दुखणं थांबवणारी गोळीही कुटून घालतात, तिनं रक्त गोठण्यातही फरक पडतो. ते तपासल्याशिवाय छाती उघडणार नाही."

ऑपरेशन दोन दिस लांबलं. पुन्हा रक्त घेतलं. स्टिरॉइड आता डॉक्टरीण बाईच देणार, मोजून, सुईनं.

सून रडाया लागली. "रडतीस कावून? मेले न्हाई अजून."

गाठ सोडलीच नसती तर? पण सोडली ना! मग झालं. झडप बसंल अन् मी माझ्या पायानं घरी जाईन.

पुडी बाईनं ठिवून घेतली. रिकाम्या गाठीला हात जातोय सारखा.

आता सून इचारती, "आत्या, अजून काय लपवलंय?"

त्याच्यावर मी बोलणार न्हाई. लिहिणार बी न्हाई.